पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीला एका मिनीस्कर्टमुळे अमेरिका महागात पडली

हातात व्हॅक्यूम क्लीनर, डोक्यावर काळा विग, अंगात गुलाबी टॉप, खाली लेदरचा मिनीस्कर्ट. आणि ओठांवर झुपकेदार मिशी, तशीच ठेवलेली.

१९८४ साली आलेल्या ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गाण्याच्या व्हिडिओत क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी असा घर झाडताना दिसतो. बाकीचे तिघंही बायकांच्या वेशात आहेत. ड्रमर रॉजर टेलर शाळकरी मुलगी, गिटारिस्ट ब्रायन मे केसांना रोलर्स लावलेली बाई आणि बेस वाजवणारा जॉन डीकन चक्क आजी झालाय.

आज हा व्हिडिओ बघून हसू येतं. तेव्हा मात्र तो बँडला चांगलाच महागात पडला.

फ्रेडीचं खरं नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमधला. घर पारशी, मूळ गुजरातचं आणि वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठ वर्षांच्या फारोखला त्यांनी शिकायला थेट आपल्या पाचगणीला पाठवलं, सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये. तिथंच तो पियानो शिकला, तिथंच पोरांनी त्याचा फ्रेडी केला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही तिथलाच.

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला पळालं. लंडनच्या ईलिंगमध्ये फ्रेडीनं ग्राफिक डिझाईन शिकून घेतलं. १९७० मध्ये क्वीन उभा राहिला तेव्हा बँडचा लोगो त्यानंच काढला. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडिओनं तर गाणं ऐकण्याइतकंच बघायचंही असतं, हे दाखवून दिलं. एमटीव्ही सुरू व्हायला तेव्हा अजून सहा वर्षं होती.

आता त्या मिनीस्कर्टकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं, की हे गाणं म्हणजे फ्रेडीनं स्वतःबद्दल दिलेली कबुली आहे. पण गाणं लिहिलं होतं जॉन डीकननं, आणि बायकी वेशाची कल्पना सुचली रॉजर टेलरच्या तेव्हाच्या मैत्रिणीला. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही इंग्लंडमधली घराघरात बघितली जाणारी मालिका. तिचीच ही टिंगल होती.

इंग्लंडला ती लगेच कळली. पुरुषांनी बाई होऊन हसवायची तिथल्या रंगभूमीवर जुनीच पद्धत. (बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला तरी यात काय नवल वाटणार होतं!) गाणं तिथं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. दक्षिण अमेरिकेत तर लोकांनी ते हुकूमशाहीविरुद्धचं गाणं म्हणून डोक्यावर घेतलं. दुर्दैव असं, की त्याच वर्षी हा बँड वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला जाऊन गायला. त्यावर झालेली टीका योग्यच होती.

अमेरिकेला मात्र ही टिंगल कळलीच नाही. तिथं ती मालिका कुणाला माहीत नव्हती. दिसला तो फक्त स्कर्ट घातलेला रॉकस्टार. एमटीव्हीनं व्हिडिओ दाखवला नाही आणि गाणं ४५ व्या क्रमांकावर अडकलं. अमेरिकेतला दबदबा ओसरायला बाकीही कारणं होती, पण हे मोठं होतं. १९८२ नंतर फ्रेडीनं तिथं क्वीनचा दौरा पुन्हा कधीच केला नाही.

चौघांनी वेश केला, पण बोटं वळली ती फ्रेडीकडेच. व्हिडिओच्या मधल्या भागात रॉयल बॅलेच्या नर्तकांसोबत तो नाचतो, त्यासाठी त्यानं लाडकी मिशीसुद्धा काढली होती. रंगमंचावर कशालाच न लाजणारा हा माणूस खाजगी आयुष्याबद्दल मात्र तोंड मिटून असायचा.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीचं निदान झालं. चार वर्षं त्यानं ते जगापासून लपवलं आणि गात राहिला. मे १९९१ मध्ये शूट झालेला त्याचा शेवटचा व्हिडिओ कृष्णधवल ठेवला गेला, तब्येत किती ढासळलीय हे दिसू नये म्हणून. २३ नोव्हेंबरला त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी लंडनच्या घरी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

पुढच्याच वर्षी ‘वेन्स वर्ल्ड’ हा विनोदी सिनेमा आला. त्यात चार-पाच पोरं गाडीत डोकी हलवत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गातात. अमेरिकेत ते सतरा वर्षं जुनं गाणं पुन्हा वर चढत थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. ते बघायला फ्रेडी नव्हता.