एका बोटाची करामत

मायकल जॅक्सनचा मूनवॉक माहीत नाही असा प्राणी आपल्या होस्टेलमध्ये सापडणं कठीण. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याने तो पहिल्यांदा केला २५ मार्च १९८३ रोजी, अमेरिकेतल्या पॅसाडेना गावच्या एका सभागृहात. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा तो जंगी सोहळा होता. स्टेजवर कंपनीचे सगळे बडे गायक हजर होते. आणि त्याच सभागृहात, वर बाल्कनीत मागे, ब्लॅकने घेतलेल्या तिकिटावर एक सत्तेचाळीस वर्षांचा आजारी माणूस बसला होता, असं सांगतात. या कंपनीची कितीतरी गाणी त्याच्या बोटांवर उभी राहिली होती. बोटांवर कसली, एकाच बोटावर! त्याचं नाव जेम्स जेमर्सन.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर लाजू नका. सेकंड इयरला बेस गिटार हातात घेईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.)

बेस गिटारला जाड अशा चारच तारा. साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली वाजणाऱ्या. हे वाद्य कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतं. मागच्या गॅदरिंगला माझी वायर निघाली आणि मी अर्धं गाणं मुका बेस वाजवत उभा होतो. पब्लिकला काही कळलं नाही. फक्त गाणं एकदम पोकळ का झालं म्हणून ड्रमर वळून वळून बघत होता. बेसवाल्याचं आयुष्य हे असं असतं.

शिकायला लागलात की पहिला धडा असतो उजव्या हाताच्या दोन बोटांचा. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, जणू बोटं तारेवर चालताहेत. तार वर ओढायची नाही. बोट तारेवरून घसरून शेजारच्या जाड तारेवर येऊन टेकलं पाहिजे. एक बोट वाजवतं तेव्हा दुसरं तयारीत असतं, म्हणून वेग मिळतो. इंजिनिअरला पटेल असंच लॉजिक आहे. जेमर्सनने मात्र हा धडा कधी गिरवलाच नाही. तो फक्त तर्जनीने वाजवायचा. त्या वाकड्या बोटाला लोक 'द हुक', म्हणजे आकडा, म्हणायचे.

ही सवय आली कुठून, हे बघायला त्याच्या लहानपणात जावं लागेल. त्याचा जन्म २९ जानेवारी १९३६ चा, साऊथ कॅरोलायना राज्यातला. असं सांगतात की लहानपणी तो मुंग्यांच्या वारुळात काठी रोवून तिला रबर ताणून बांधायचा आणि ते छेडून मुंग्यांना नाचवायचा. १९५४ मध्ये आईबरोबर तो डेट्रॉईटला आला. हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये तो डबल बेस शिकला. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं व्हायोलिनच्या घराण्यातलं लाकडी धूड. त्याच्या तारा इतक्या दणकट की जॅझवाले तर्जनीची कड लावून, सगळ्या हाताचा जोर देऊन त्या छेडतात. पुढे साठच्या दशकात जेमर्सनने इलेक्ट्रिक बेस घेतला तेव्हा वाद्य बदललं, बोट तेच राहिलं.

आता गंमत बघा. एकच बोट म्हटल्यावर दर सुराचं वजन सारखं येतं, कारण दोन बोटांची लांबी आणि ताकद कधीच सारखी नसते. शिवाय बारीक तारेवरून जाड तारेकडे उतरताना बोट आधीच पुढच्या तारेवर टेकलेलं असतं, ते उचलायची गरजच नाही. तसंच ओढत न्यायचं. डबल बेसच्या सवयीने तो मोकळ्या ताराही भरपूर वाजवायचा, म्हणजे तेवढ्या वेळात डावा हात दुसऱ्या जागी पोचायचा. ज्याला आपण तोटा समजतो त्याचाच त्याने फायदा करून घेतला.

त्याचा बेस होता १९६२ चा फेंडर प्रिसिजन. त्याचं टोपणनाव 'फंक मशीन'. तारा जाड आणि चपट्या गुंडाळीच्या, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलायचा नाही. तारांखाली ब्रिजपाशी फोमचा तुकडा. आपण व्हायब्रेशन्समध्ये शिकतो तेच डॅम्पिंग! सूर रेंगाळत नाही, धप्पकन येतो आणि पुढच्याला जागा देतो. 'माय गर्ल' (१९६४) ऐका, सुरुवातीला एकटा बेसच आहे. मग 'बर्नाडेट' (१९६७) ऐका आणि एका बोटाचं हे काम आहे यावर विश्वास बसतो का ते बघा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनेही जेमर्सनकडून शिकल्याचं जाहीरपणे मान्य केलं आहे.

ही गाणी व्हायची मोटाऊनच्या स्टुडिओत. वादकांची टोळी ठरलेली, फंक ब्रदर्स नावाची. १९५९ पासून जेमर्सन तिथे वाजवत होता. पण रेकॉर्डच्या कव्हरवर गायकाचं नाव असायचं, वादकांचं नाही. जग ज्या तालावर नाचत होतं तो कोणाचा, हे जगाला माहीतच नव्हतं. मार्विन गेच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर अखेर त्याचं नाव छापलं गेलं. त्याच अल्बमचं शीर्षकगीत त्याने जमिनीवर उताणं पडून वाजवलं, कारण दारूमुळे त्याला बसवत नव्हतं, असं सांगतात. ही गोष्ट आमच्या बँडमध्ये हसत हसत सांगितली जाते. मला आता हसू येत नाही. त्याच दारूने पुढे त्याला संपवलं.

१९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. पुढच्या वर्षी तोही तिकडे गेला, पण त्याचा जम बसला नाही. जमाना चकचकीत आवाजाचा आला होता आणि हा जुन्या तारा बदलायला तयार नव्हता. कामं कमी होत गेली, पिणं वाढत गेलं. शेवटी फंक मशीनसुद्धा चोरीला गेलं. बाल्कनीतल्या त्या संध्याकाळनंतर चारच महिन्यांनी, २ ऑगस्ट १९८३ ला तो गेला. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर सिनेमाही आला. हे बघायला तो नव्हता.

एका बोटाने वाजवायचा प्रयत्न मीही महिनाभर केला. बोटाला फोड आले, बाकी काही आलं नाही. मी परत दोन बोटांवर आलो. पण एक गोष्ट मनात राहिली. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टवर चार नावं असतात, आणि रात्री जागून सर्किट चालू केलं कोणी हे फक्त ग्रुपला माहीत असतं. व्हायवाला बोलतो तो वेगळाच. मित्रांनो, यंदा रिपोर्ट बाइंडिंगला देण्याआधी एवढं बघा, की ज्याने काम केलं त्याचं नाव पहिल्या पानावर आहे ना. आणि आज रात्री हेडफोन लावून 'माय गर्ल' ऐकाल तेव्हा गायकाला क्षणभर बाजूला ठेवा आणि खाली काय चाललंय ते ऐका.