मुक्या पडद्यावरील सामना : कै. बाबूराव पेंटर

बलवान् आणि दुर्बळ समोरासमोर उभे राहिले, म्हणजे नाटकांतील नट भाषणांनीं प्रसंग रंगवितात. पण जेथें शब्दच नाहीं, तेथें कोणाची सत्ता कोणावर चालते हें दाखवावें कसें? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर ह्यांस हें साधलें होतें.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म १८९० सालचा. चित्रकला त्यांनीं स्वप्रयत्नानेंच हस्तगत केली. नात्यानें बंधु असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. १९१३ सालीं फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, आणि दोघांनीं स्वतःच कॅमेरा घडविण्याचें मनावर घेतलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं तो कॅमेरा पुरा केला व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली.

१९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यास लागला. दासी झालेली द्रौपदी व उन्मत्त सेनापति कीचक ही कथा खाडिलकरांनीं १९०७ सालीं रंगभूमीवर आणिली होती. प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन ओळखले, आणि १९१० सालीं सरकारनें नाटक बंद केलें. मूकपटांत बंद करण्याजोगें भाषणच नव्हतें. परंतु भीमानें कीचकास ठार मारल्याचा देखावा इतका जिवंत उतरला कीं, सरकारी परीक्षकांनीं त्यास कात्री लाविली. चित्राचा धाक सरकारास तेव्हां कळला असावा! लोकमान्य टिळकांनीं मात्र बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ह्या चित्रपटांत गुलाबबाई व अनसूयाबाई ह्यांनीं कामें केलीं, म्हणून त्यांच्या समाजानें त्यांस वाळींत टाकिलें. बाबूरावांनीं त्यांस कंपनीच्या आवारांत आश्रय दिला. पडद्यावरील अन्यायापेक्षां हा अन्याय लहान म्हणावा काय?

पात्रांचे पोषाख व हालचाली ते आधीं कागदावर रेखाटीत. ह्या अभ्यासाचें फळ १९२५ सालच्या ‘सावकारी पाशां’त दिसलें. ना. ह. आपटे ह्यांच्या कथेंतील गरीब शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम ह्यांनीं केलें. सावकार खोट्या कागदाच्या बळावर त्याची जमीन बळकावितो व तो शहरांत गिरणीमजूर होतो. येथें गदा नाहीं, मल्लयुद्ध नाहीं. शस्त्र काय तो एक कागद. अंधुक उजेडांतील उदास झोपडी आणि तेथें विव्हळणारें कुत्रें, हें त्यांतील दृश्य विशेष गाजलें. मूकपटांत कुत्र्याचा आवाज कोठून येणार? तरीहि तो कानीं पडतोसें वाटावें, ही त्या छायाप्रकाशाची करामत.

१९२९ सालीं शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर कंपनी सोडून गेले व त्यांनीं ‘प्रभात’ काढली. १९३६ सालीं बाबूरावांनीं ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा काढला. आतां सावकाराला व शेतकऱ्याला वाचा फुटली होती. १९५४ सालीं बाबूराव वारले. त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत.