सातासमुद्रापार नेलेला बालपणीचा ठेवा
सांताक्लॉजचा चित्रकार थॉमस नास्ट याचे चरित्र

मार्गशीर्ष उजाडला की घरोघरी गुरुचरित्राची पारायणे बसतात, दत्तजन्माचा पाळणा हालतो आणि आजीच्या मांडीवरचे पोर पेंगत पेंगत सारे ऐकत असते. त्यास अर्थ कळत नाही. परंतु कापराचा गंध, टाळांचा नाद आणि सुंठवड्याची चव त्याच्या अंतरी कायमची जाऊन बसते. हे संस्कार पुढे किती दूरवर पोचतात हे दाखविणारे एक परदेशस्थ चरित्र आज आम्ही भाविक वाचकांपुढे ठेवीत आहो.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेस लांडाऊ नावाचे गाव आहे. तेथे सप्टेंबर १८४० मध्ये थॉमस नास्ट जन्मास आला. पिता लष्करी वाद्यवृंदात वादक होता. त्या प्रांती डिसेंबरच्या ६ तारखेस संत निकोलसचा सण पाळीत. त्या सुमारास केसाळ कातडे पांघरलेला, हाती छडी घेतलेला पेल्त्सनिकल दारोदार फिरे. पेल्त्स म्हणजे लोकरी चामडे आणि निकल हा निकोलसचा अपभ्रंश. खोडकर मुलांना तो छडीचा धाक दाखवी, गुणी मुलांच्या ओंजळीत अक्रोड, सफरचंदे आणि मसाल्याच्या गोड वड्या टाकी. भय आणि खाऊ एकाच हातून मिळत असल्यामुळे ती मूर्ती बालमनावर ठसून राही.

१८४६ साली नास्टची माता मुलांना घेऊन अमेरिकेतील न्यूयॉर्क नगरीस गेली. पिता १८५० साली जाऊन मिळाला. भाषा अनोळखी, शाळेत गती नाही. मात्र हाती चित्रकला होती. पंधराव्या वर्षी नास्ट एका सचित्र साप्ताहिकात चाकरीस लागला. १८६१ साली सारा एडवर्ड्स या युवतीशी त्याचा विवाह झाला आणि पुढल्याच वर्षी हार्पर्स वीकली या विख्यात साप्ताहिकात तो रुजू झाला.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. १८६३ च्या जानेवारीतील अंकात नास्टची नाताळची चित्रे आली. एकात निजलेल्या मुलांजवळ खिडकीशी प्रार्थना करणारी पत्नी आणि दूर छावणीत शेकोटीपाशी बसलेला तिचा पती दिसतो. दुसऱ्यात सैनिकांच्या छावणीत भेटी वाटणारा सांताक्लॉज आहे. संत निकोलसची डच परंपरा न्यूयॉर्कात पूर्वीपासून होती आणि १८२३ साली छापलेल्या एका इंग्रजी कवितेने तिला गोंडस रूपही दिले होते. नास्टने त्यात लांडाऊचा केसाळ पाहुणा मिळविला. कातड्याचा वेष ठेवला, चेहऱ्यावर मात्र आजोबांचे हसू आणिले. १८६६ च्या चित्रात खेळण्यांचा कारखाना आला आणि मुलांच्या वर्तनाची नोंदवहीही आली. आपल्याकडील चित्रगुप्ताची ज्यांस आठवण होईल, त्यांस आम्ही दोष देणार नाही! १८८१ सालचे लठ्ठ, दाढीधारी, हसऱ्या सांताचे चित्र तर जगभर परिचित झाले. त्यास पाच अपत्ये होती. घरचीच मुले आणि घरचीच शेकोटी या चित्रांतून डोकावतात.

नास्टची लेखणी तीक्ष्णही होती. न्यूयॉर्कचा कारभार लुटणाऱ्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्यावर त्याने चित्रांचा भडिमार केला. चित्रे थांबावी म्हणून त्यास पाच लाख डॉलरांपर्यंत लालूच दाखविली गेली, असे चरित्रकार सांगतात. तो बधला नाही. परदेशी पळालेला ट्वीड १८७६ साली स्पेनमध्ये ओळखला गेला, तोही नास्टच्या चित्रामुळेच. गुलामांची मुक्ती आणि चिनी मजुरांचे हाल या प्रश्नीही त्याने न्यायाची बाजू घेतली.

परंतु चरित्र सांगताना डाग झाकणे हा कथाधर्म नव्हे. ३० सप्टेंबर १८७१ च्या अंकात नास्टने एक चित्र काढिले आणि त्यास अमेरिकेची गंगानदी असे नाव दिले. त्यात कॅथलिक धर्मगुरू मगरी होऊन शाळकरी मुलांवर धावून येतात. आपण जिला माता म्हणतो तिचे नाव भयाचे चिन्ह म्हणून योजिले गेले, याचा भाविकांस खेद होईल. त्याहून खेदाची गोष्ट ही की नास्टचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्येच झाला होता. आयर्लंडचे गरीब लोकही त्याच्याप्रमाणेच समुद्र ओलांडून आले होते. त्यांची मुखे त्याने वानरांसारखी रंगविली. स्वतःच्या सणातील भीती ज्याने प्रेमाने धुऊन काढिली, त्यास दुसऱ्याच्या श्रद्धेविषयीची भीती मात्र धुता आली नाही.

उतारवयात दैव फिरले. १८८४ साली एका पेढीच्या दिवाळ्यात त्याची संपत्ती बुडाली. १८८६ साली हार्पर्सही सुटले. त्या विपन्नावस्थेत, १८९० साली, त्याच्या नाताळच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९०२ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यास इक्वेडोर देशातील ग्वायाकिल बंदरी वकील नेमिले. तेथे पीतज्वराची साथ होती. नास्ट आपल्या कामावरून हालला नाही आणि ७ डिसेंबर १९०२ रोजी त्याच ज्वराने त्याचे देहावसान झाले. आदल्याच दिवशी संत निकोलसचा सण होता.

वाचकहो, नास्टने जन्मभूमी सोडली तेव्हा त्याचे सहावे वर्ष सरत होते. तेवढ्या वयात जे पाहिले, खाल्ले आणि भीत भीत ऐकले, तेच त्याने जगाच्या मुलांना वाटले. आज आपलीही लेकरे-नातवंडे सातासमुद्रापार संसार करीत आहेत. त्यांच्या सामानात समई देता येईल, पोथीही देता येईल. पण ती समई लावावी असे ज्या मनास वाटते, ते मन सहा वर्षांच्या आतच घडते. म्हणून यंदाच्या पाळण्यास घरातील बालकास झोपवून ठेवू नये. दोरी त्याच्या हाती द्यावी. आणि शेजारच्याच्या देवालाही हात जोडावे, हे त्याच वेळी शिकवावे. नास्टच्या चरित्राची बाजू आणि उणी बाजू, दोन्ही मिळून आपणांस हेच सांगतात.