आमचा पहिला रेडिओ आणि आचार्य जगदीशचंद्र बोस

मद्रासेत बालपण गेलेल्या आमच्या पिढीतील अनेक मराठी मुलांचा पहिला रेडिओ विकत घेतलेला नव्हता; तो घरीच जुळविलेला होता. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गच्चीवर ताणलेली एरियल, पाण्याच्या नळाला बांधलेली दुसरी तार, हेडफोन, आणि गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा चकाकणारा खडा. त्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून नेमकी जागा हुडकीत बसावे लागे. वीज नको, बॅटरी नको. हेडफोन पितळी पातेल्यात ठेवला की चारपाच जणांना एकदम ऐकू येई. मुंबई केंद्र त्यावर लागणे शक्यच नव्हते. लागे ते जवळचे मद्रास. वडीलधाऱ्यांना याची खंत असे. आमच्या कानांना तमिळचे वळण लागले ते मात्र बहुधा त्या खड्यामुळेच. रेडिओलहरी टिपण्यासाठी हा खडा ज्यांनी प्रथम उपयोगात आणला, त्यांच्या चरित्राचा एक धागा या नगरीशी जुळलेला आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला प्रथम इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. कोळ्यांच्या नि चाकरांच्या मुलांशेजारी बसून तो शिकला. परप्रांतात मुलांच्या मातृभाषेची चिंता वाहणाऱ्या आम्हां मंडळींना ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

केंब्रिजचे शिक्षण संपवून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांहून आपले वेतन कमी आहे हे कळताच त्यांनी वेतन घेण्याचेच नाकारले, मात्र शिकविणे एक दिवसही थांबविले नाही. असे तीन वर्षे चालले. घरावर वडिलांच्या कर्जाचा डोंगर होता. अखेर सरकार नमले, मागील सर्व रक्कम मिळाली, ती कर्जफेडीत गेली. याच ओढाताणीच्या काळात, १८८७ साली, त्यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी १८८२ साली घर सोडून मद्रासला आलेल्या आणि प्रकृतीच्या कारणाने परतलेल्या त्या याच अबलाबाई. त्या काळी बंगालची एकटी मुलगी शिकण्यासाठी इतक्या दूर येते, याचे धैर्य घर सोडून आलेल्यांनाच समजेल!

कॉलेजातील चिंचोळ्या खोलीत, देशी कारागिराच्या हातून उपकरणे घडवून, त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्लहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्यात त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. शोध विकण्याची त्यांना इच्छा नव्हती. सारा बुल या अमेरिकन विदुषींच्या आग्रहामुळेच १९०१ साली गॅलिनाच्या ग्राहकासाठी अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकन पेटंट मिळाले. त्याचा लाभ त्यांनी घेतला नाही; पेटंटची मुदतही तशीच जाऊ दिली. हे वैराग्य थोरच. परंतु पुढे घरोघरी स्फटिक-रेडिओ आले तेव्हा त्यांच्याबरोबर हे नाव आले नाही, याची आम्हांस हळहळ वाटते. तारेचे टोक फिरविताना आम्हांपैकी किती जणांना ते ठाऊक होते?

तोवर त्यांचे सारे चित्त वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था स्थापिली. १९२० साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले.

इकडे मद्रासेत सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला, आणि ३१ जुलैपासून अवघ्या ४० वॅटच्या यंत्रावरून प्रक्षेपण सुरू झाले. पैशाअभावी १९२७ साली क्लब बंद पडला. १९३० साली नगरपालिकेने ते काम पुढे चालविले. आमच्या खड्याने टिपलेले मद्रास आकाशवाणी केंद्र सुरू झाले १६ जून १९३८ रोजी. त्याआधी सातच महिने, २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, गिरिडीह येथे जगदीशचंद्रांनी देह ठेवला होता.