बाजारपेठेने पोसलेले बीजगणित

बीजगणित आणि त्रिकोणमिती ही गणित हाच मुख्य विषय घेणाऱ्या मूठभरांची मिरास होय, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांतून दृढ झाली आहे. कला-वाणिज्य शाखेचा विद्यार्थी त्यांपासून सुटलो म्हणून निःश्वास टाकतो. भास्कराचार्यांचे चरित्र या समजुतीला मुळीच दुजोरा देत नाही.

शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडवीड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. लीलावती नामक दुर्दैवी कन्येची कथा सर्वतोमुखी असली, तरी भास्कराचार्यांच्या लेखनात तिला आधार नाही. त्या कथेपेक्षा ग्रंथातील उदाहरणे कितीतरी बोलकी आहेत. व्याज, भागीदारी, धान्याच्या राशी, मालाची अदलाबदल हे सारे पेठेतलेच प्रश्न. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो कोठे मोडला? काटकोन त्रिकोण मांडला की बारा हात हे उत्तर येते. अज्ञात राशींना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन त्यांनी समीकरणे सोडविली. ‘ज्योत्पत्ती’त दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली. नुसती रीत सांगून ते थांबले नाहीत. स्वतःच भाष्य लिहून उपपत्तीही दिल्या. हा शिक्षकाचा पिंड होय. ‘करणकुतूहल’ लिहिला तेव्हा, ११८३ मध्ये, त्यांचे वय एकोणसत्तर होते.

त्यांच्या पश्चात नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याला निकुंभ वंशातील सोइदेवाने दिलेल्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा असून भाऊ दाजींनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेखाचा काही भाग मराठीत आहे. आपल्या जिल्ह्यात नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी. संस्कृत विद्येच्या मठाचे उत्पन्न मराठीत का नोंदवावे लागले, याचे उत्तर उघड आहे. ते ज्यांच्याकडून यावयाचे, त्यांना ते कळावयास हवे होते. पाटणच्या पेठेत माल विकला जाईल तेव्हा ग्राहकाकडून राजाला मिळणारे देणे मठाला लावून दिले होते, आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.