अजिंठ्याच्या प्रती काढणारे जपानी चित्रकार अराई काम्पो कोण होते?

अराई काम्पो (१८७८-१९४५) रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले. कोलकात्यात त्यांनी जपानी चित्रकला शिकवली. मग अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत सहकाऱ्यांसह भित्तिचित्रांच्या प्रती काढल्या. टोकियोत ठेवलेल्या या प्रती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या प्रतींमागे जणू आगच लागलेली. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतीही १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या.

साठी ओलांडल्यावर काम्पो पुन्हा भिंतीसमोर बसले. जपानमधील होर्यु-जी मंदिरातली बौद्ध भित्तिचित्रे अजिंठ्याच्या शैलीशी जवळीक सांगतात. त्यांच्या प्रती काढण्याचे काम १९४० मध्ये सुरू झाले. ते चालू असतानाच काम्पो वारले. १९४९ मध्ये आग लागून मूळ चित्रांचे रंग गेले. काम्पो यांची प्रत मात्र राहिली.