तक्रार ऐकायला आलेला माणूस : मारलवाईचे हायमेनडॉर्फ

भाषा विशेषांकात संतकवींवर आणि नामवंत साहित्यिकांवर लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. पण आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न कवितेपेक्षा कचेरीत अधिक बोचतो, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जमिनीचा कागद हाती पडतो, पण वाचता येत नाही. जंगलखात्याची नोटीस येते, ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागते. वाचून देणारा खरे सांगतो की खोटे, हे देवालाच ठाऊक. म्हणून यंदा आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, ते ना कवी होते ना मराठी. त्यांचा जन्म व्हिएन्ना शहरातला, मातृभाषा जर्मन. पण जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात सरकारी खात्यांच्या कारभाराची पाहणी रयतेच्या भाषेत करण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी एका उमराव घराण्यात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे लंडनला जाऊन आले. १९३६-३७ मध्ये त्यांनी ईशान्येकडील नागा लोकांत राहून अभ्यास केला. १९३८ मध्ये बेट्टी या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला. बेट्टीबाई केवळ पत्नी नव्हत्या, तर आयुष्यभर रानोमाळ बरोबरीने हिंडलेल्या सहकारी होत्या.

१९३९ मध्ये पतिपत्नी पुन्हा हिंदुस्थानात आली आणि दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी जर्मनीने गिळलेला असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळ जर्मन पासपोर्ट होता. ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. तुरुंगाऐवजी त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी आधी नल्लमलाच्या रानातील चेंचूंचा आणि गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींचा अभ्यास केला. मग ते आदिलाबादेत आले.

ते आले तेव्हा जिल्ह्यात एक जखम ताजी होती. १९४० मध्ये आसिफाबादच्या डोंगरात, जोडेघाट-बाबेझरीच्या परिसरात, कुमरम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. भीम यांची शौर्यकथा घरोघरी सांगितली जाते. मात्र त्या शौर्याच्या आधीचा भाग फारसा सांगितला जात नाही. गोंड आणि कोलाम शेतकरी एकदम शस्त्र घेऊन उठले नव्हते. जंगलखात्याने त्यांच्या वस्त्या उठवल्या, पिके आणि घरे जाळली, तेव्हा त्यांनी आधी अर्ज केले, विनंत्या केल्या, वरपर्यंत दाद मागितली. दाद मागण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्यावर लढाई झाली. हायमेनडॉर्फ यांनी त्या भागात फिरून हे सारे समजून घेतले, आणि दोष बंडखोरांपेक्षा कारभाराचा आहे असे संस्थानाच्या सरकारलाच कळवले.

कारभाराचा दोष म्हणजे नेमके काय? आपल्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगतो. गोंड पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते, पण बहुतेकांच्या नावे पट्टा नव्हता. सारा भरायचा, पण हक्काचा कागद नाही, असा तो प्रकार होता. सडका झाल्या, काझीपेठ-बल्लारशा रेल्वे झाली, तसे बाहेरचे लोक आले. त्यांना कचेरीची रीत ठाऊक होती. त्यांनी पट्टे आपल्या नावावर करून घेतले आणि कालचा कसणारा आज कूळ झाला. दुसरीकडे राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, आणि त्या रेषेच्या आत सापडलेली गावे अतिक्रमण ठरली. कागद उर्दूत. गोंडांची भाषा गोंडी. बाजारहाटाला पश्चिमेकडे मराठी आणि पूर्वेकडे तेलुगू. ज्या कागदाने घर जाणार तो कागद घरातल्या कुणालाच वाचता येत नसे. मग चौकीदार सांगेल तो कायदा आणि पटवारी मागेल ती रक्कम.

हायमेनडॉर्फ यांनी मारलवाई या गोंड गावात मुक्काम ठोकला. आज हे गाव जैनूर मंडलात, कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते. तेथे त्यांनी झोपडी बांधली, गोंडी शिकली आणि गावोगाव फिरून माणसांकडून माहिती घेतली. यात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तोवरची सरकारी चौकशी म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने खालच्या अधिकाऱ्याला विचारायचे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडूनच खुलासा घ्यायचा, तोही त्याच्याच भाषेत. हायमेनडॉर्फ यांनी हे उलटे केले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्याच्या बोलीत विचारायचे, आणि मग कचेरीतले दप्तर त्याच्याशी ताडून पाहायचे. त्यांचे हैदराबादच्या आदिवासींवरील चार अहवाल १९४५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्या वेळी संस्थानाच्या मंत्रिमंडळात महसूल आणि पोलीस ही खाती सांभाळणारे विल्फ्रेड ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या गोंडांचे अभ्यासक होते. त्यामुळे अहवाल फडताळात पडून राहिले नाहीत.

१९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. साक्षर गोंड शोधूनही सापडत नव्हते. जे मोजके तरुण मिळाले ते थोडीफार मराठी वाचणारे होते. त्यांना हाताशी धरून गोंडीची वाचनपुस्तके तयार झाली, आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. आम्हा शिक्षकांना या घटनेचे मोल वाटते. आपल्या मराठीची लिपी गोंड मुलांच्या पहिल्या पुस्तकाची लिपी झाली. पण त्यामागे केवळ शिक्षणप्रेम नव्हते. लिहिता-वाचता येणारा गोंड तरुण गावात असेल तर पटवाऱ्याची पावती तपासता येईल आणि अर्ज लिहिता येईल, हा हिशेब त्यात होता. त्या शिक्षकांतून पुढे आदिवासींचे कार्यकर्तेही घडले. आदिलाबादेत अधिकारी म्हणून राहिलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले, हे या निमित्ताने नमूद केले पाहिजे.

पुढे १९४५ ते १९४९ या काळात हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासी आणि मागास वर्गांसाठीचे सल्लागार होते. सोशल सर्व्हिस खाते उभे राहिले. लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. १३५६ फसली, म्हणजे १९४६ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पोलीस अॅक्शननंतर १९४९ मध्ये तो नव्या रूपात आला. नेहमीची कोर्टकचेरी जिथे गरिबाला परवडत नाही आणि कळतही नाही, तिथे वेगळी व्यवस्था हवी, हे त्यामागचे सूत्र होते.

केसलापूरला पुष्य अमावास्येला मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तिथे दरबार भरू लागला. जिल्ह्याचे अधिकारी जत्रेत यायचे, लोकांसमोर बसायचे आणि गाऱ्हाणी ऐकायची. आज लोकशाहीत जनसुनावणी, प्रजावाणी असे शब्द आपण ऐकतो. तेच काम देवाच्या दारात, लोकांच्या गर्दीत आणि लोकांच्या बोलीत सुरू झाले होते. हा दरबार आजही भरतो.

हे सारे खरे असले तरी हायमेनडॉर्फ यांना देव करण्याचे कारण नाही. ते एका सरंजामी राजवटीचे सल्लागार होते. बंड पुन्हा होऊ नये ही सरकारची गरज होती, आणि त्या गरजेतूनच त्यांना अधिकार मिळाले. त्याहून मोठी उणीव अशी की, ही देखरेख एका माणसाच्या वजनावर उभी होती. १९४९ मध्ये ते लंडनला प्राध्यापक म्हणून गेले आणि वजन गेले.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे मराठी बहुसंख्येचे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाकी आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. एकच गोंड समाज दोन राज्यांत आणि दोन कचेरीभाषांत वाटला गेला. शाळेतून देवनागरी गोंडी मागे पडली आणि तेलुगू आली. संरक्षणाचा कायदा मात्र कागदावर कडक होत गेला. १९५९ चा भूमी हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्राला लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने तर बिगर-आदिवासीकडची जमीन मुळात आदिवासीचीच होती असे गृहीत धरले आणि उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली.

कायदा कडक होत असताना जमीन का जात राहिली? याचे उत्तर शोधायला हायमेनडॉर्फ स्वतः परत आले. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर पुढची काही वर्षे ते पुन्हा आदिलाबादेत फिरले. अहवाल लिहिणारे अनेक असतात, पण तीस वर्षांनी येऊन आपल्याच अहवालाचे काय झाले हे तपासणारे विरळा. त्यांना जे दिसले ते सुखावणारे नव्हते. ज्यांना पट्टे मिळाले होते त्यांच्यातील अनेकांची शेते दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. ताबा घेणाऱ्यांत सीमेपलीकडून आलेले मराठी भाषक शेतकरीही होते, हे भाषेच्या अभिमानाखाली आम्ही झाकणार नाही. आपल्या भाषेवर अन्याय होतो म्हणून गाऱ्हाणे मांडणाऱ्याने शेजाऱ्यावरचा अन्यायही पाहिला पाहिजे.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेलीत सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे, लोक त्याहून कितीतरी अधिक सांगतात. बाबेझरीनंतर चार दशकांनी प्रश्न तोच होता आणि उत्तरही तेच मिळाले. १९८२ मध्ये हायमेनडॉर्फ यांचे भारतातील आदिवासींच्या जगण्याच्या लढ्यावरचे पुस्तक आले. त्यात आदिलाबादच्या जमिनींची ही कर्मकहाणी सविस्तर आली आहे.

१९८७ मध्ये बेट्टीबाईंचे हैदराबादला निधन झाले. त्यांचे दफन मारलवाईत करण्यात आले. हायमेनडॉर्फ ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये वारले. २०१२ मध्ये त्यांचे अवशेष मारलवाईला आणून पत्नीच्या शेजारी पुरण्यात आले. गोंड लोक तिथे दरवर्षी त्यांचे स्मरण करतात.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? सरकारी खात्यावर नजर ठेवण्याचे काम कायद्यापाशी संपत नाही. नोटीस, सुनावणी, कारण देणारा लेखी हुकूम आणि वर अपील, हे प्रशासकीय कायद्याचे चार खांब मानले तर चारही भाषेच्या पायावर उभे आहेत. जी नोटीस वाचता येत नाही ती मिळूनही न मिळाल्यासारखी. ज्या सुनावणीत आपले बोलणे समोरच्याला कळत नाही, ती सुनावणी कसली?

आणि आज आपल्या हाती १९४० मध्ये नव्हते असे बरेच काही आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कोणाही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडता येते. मराठीत अर्ज द्यायला त्यामुळे आडकाठी नाही, आणि गोंडी आठव्या अनुसूचीत नसली तरी या कलमाने अनुसूचीची अट घातलेली नाही. कलम ३५० अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. कलम ३५० ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच द्यावा लागतो, ही त्यातली आपल्यासाठीची उणीव. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

तेव्हा आमचे सांगणे सोपे आहे. सोमवारच्या प्रजावाणीला अर्ज न्यायचा तर तो आपल्या भाषेत लिहा, सोबत तेलुगू प्रत जोडता आली तर जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मराठी शाळेतल्या वरच्या वर्गांना निबंधाबरोबर अर्ज लिहायलाही शिकवा. शेजारच्या गोंड आणि कोलाम वस्तीत कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर लिहून द्या, आणि त्याला तो वाचून दाखवा. मारलवाईच्या शाळेत ऐंशी वर्षांपूर्वी देवनागरी अक्षरे याच कामासाठी गिरवली गेली होती.